खुरप्याची नोंद

सेंद्रिय धान्याकडे वळू पाहणारा शेतकरी पहिला प्रश्न खताचा विचारतो, दुसरा किडीचा. युरियाऐवजी काय टाकायचे, अळी आली तर काय फवारायचे. तणाचे काय, हे तो सहसा विचारत नाही. ते आपल्याला ठाऊक आहे असे त्याला वाटते, आणि ठाऊक असतेही. आजोबांच्या काळात तणनाशक कुठे होते? कोळपे होते, खुरपे होते, दावणीला बैल होते आणि घरात माणसे होती. यातल्या पहिल्या दोन वस्तू आजही बाजारात मिळतात. अडचण उरलेल्या दोहोंची आहे. सेंद्रिय धान्यशेती करून सोडलेल्यांकडून मी जी कारणे ऐकली, त्यांत खत आणि कीड मागे राहतात. दुसऱ्या-तिसऱ्या खरिपात रान हाताबाहेर गेले, खुरपणीला बाया मिळाल्या नाहीत, हेच पुन्हा पुन्हा कानावर येते.

या पुस्तकात तणाचे आणि प्रमाणीकरणाचे विवेचन एकत्र आले आहे याचे मला म्हणूनच बरे वाटले. एरवी हे दोन विषय दोन वेगळी माणसे शिकवतात. कृषी विद्यापीठाचा माणूस तणाबद्दल बोलतो आणि प्रमाणन संस्थेचा माणूस फाइलबद्दल. शेतकऱ्याच्या घरी मात्र ही दोन्ही कामे एकाच वहीत येतात, आणि त्या वहीतला सर्वांत बोलका रकाना मजुरीचा असतो. माझे म्हणणे तेवढेच आहे. पुढची पाने त्याच्या खुलाशासाठी.

सोप्या ठिकाणापासून सुरुवात करतो. सोलापूर, मंगळवेढा, पंढरपूर या पट्ट्यातली रब्बी ज्वारी हे आपल्याकडचे सेंद्रिय पद्धतीला सर्वांत सहज मानवणारे धान्य आहे, आणि त्याचे अर्धे श्रेय तणाच्या हिशेबाला जाते. भारी काळे रान खरिपात मोकळे ठेवायचे. पाऊस पडला की तण उगवते, वाफसा आला की वखराची पाळी घालायची; पुन्हा पाऊस, पुन्हा तण, पुन्हा पाळी. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत तिफण चालते, तोवर वरच्या थरातले बरेचसे बी उगवून मेलेले असते. पुढे पाऊस उणा, त्यामुळे नवे तण कमी. दोन ओळींत पंचेचाळीस सेंटिमीटर अंतर, कोळपे सहज फिरते. पीक तीन आठवड्यांचे झाले की फटीच्या कोळप्याने, पाच आठवड्यांनी पासेच्या कोळप्याने आणि आठ आठवड्यांनी दातेरी कोळप्याने कोळपणी करावी, ही शिफारस जुनीच आहे. तिसऱ्या कोळपणीचा हेतू तर तणापेक्षा भेगा बुजवण्याचा आणि ओल राखण्याचा. एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी, असे शेतकरी म्हणतात ते यामुळे. मोहोळच्या केंद्रावर निवडलेली मालदांडी ३५-१ इतकी वर्षे या रानात टिकून आहे. ज्वारीच्या मुळांतून सोर्गोलिओन नावाचे द्रव्य झिरपते, ते शेजारच्या बारीक तणांची वाढ रोखते, हीसुद्धा एक जमेची बाजू. ज्वारीच्या फेराला पुढचे पीक दबते अशी तक्रार करणारे शेतकरी याच द्रव्याच्या दुसऱ्या टोकाबद्दल बोलत असतात.

खरिपात हे सगळे उलटे होते. पेरणीनंतरचे पहिले तीस-चाळीस दिवस पीक तणमुक्त ठेवा, असे कोणतेही माहितीपत्रक सांगते. पण याच चाळीस दिवसांत दहा-बारा दिवसांची झड लागते, रानात पाय ठरत नाही, कोळप्याला माती चिकटते आणि केना, घोळ, माठ, शिंपी, चिमणचारा पिकाच्या डोक्यावर जातात. झड उघडली की गावातल्या प्रत्येकाला त्याच दोन दिवसांत बाया हव्या असतात. तणनाशक वापरणाऱ्याने पेरणीनंतर लगेच अ‍ॅट्राझीन मारलेले असते, त्याला हे दोन दिवस पुढे ढकलता येतात. सेंद्रिय शेतकऱ्याला येत नाहीत. सेंद्रिय खरिपाचा खरा खर्च या दोन-चार दिवसांत होतो. ज्याच्याकडे त्या वेळी बैलजोडी, सायकल कोळपे आणि चार हात तयार असतात त्याचे पीक वाचते. विदर्भात डवरणी म्हणा, देशावर कोळपणी म्हणा, वेळ चुकली की अवजाराचे काम संपते आणि खुरप्याचे सुरू होते, आणि खुरप्याचे काम कित्येक पटींनी महाग पडते.

भाताची गोष्ट थोडी वेगळी, कारण लावणी ही मुळातच तण मारण्याची युक्ती आहे. चिखलणीत तण गाडले जाते, पाणी उभे राहिले की बहुतेकांना उगवता येत नाही, आणि एकवीस-पंचवीस दिवसांचे रोप त्यांच्या पुढे असते. कोकणात आणि भंडारा-गोंदियात सेंद्रिय भात तुलनेने जमतो तो यामुळे. मजूर वाचवण्यासाठी पेरभात करायचा म्हटला की ही युक्ती सोडावी लागते.

बहुवार्षिक तणांपाशी मात्र सगळी सूत्रे थकतात. हराळी, लव्हाळा, कुंदा. कोळप्याने लव्हाळ्याचा वरचा भाग कापला जातो आणि खाली गाठींची माळ तशीच राहते. हराळीचे तुकडे झाले तर प्रत्येक तुकड्याचे नवे रोप होते. काळ्या रानातला कुंदा कुदळीने खणून काढण्यासाठी पूर्वी वेगळी मजुरी लागत असे. उपाय आहे, पण तो उन्हाळ्यातला आहे: खोल नांगरट, गाठी आणि काशा उन्हात उघड्या पाडणे, वेचून बाहेर काढणे. हे काम सेंद्रियकडे रूपांतरणाच्या पहिल्या वर्षाआधी झालेले असले पाहिजे. हराळीने भरलेले रान घेऊन प्रमाणीकरणाचा अर्ज करणाऱ्याला मी स्पष्ट नाही म्हणून सांगतो.

टारफुल्यावर थोडे थांबायला हवे, कारण सेंद्रिय पद्धत कुठे तणनाशकापेक्षा सरस ठरते ते तिथे दिसते. हे ज्वारीच्या मुळावर जगणारे परोपजीवी तण. एका झाडाला हजारो बिया लागतात, धुळीसारख्या बारीक, आणि त्या जमिनीत दहा वर्षांहून जास्त जिवंत राहतात. ज्वारीच्या मुळातून एक विशिष्ट रासायनिक इशारा मिळेपर्यंत त्या उगवतच नाहीत. रोप जमिनीवर दिसते तोवर खाली नुकसान होऊन गेलेले असते, म्हणून वरून काही फवारून फारसे हाती लागत नाही. हलक्या, नत्र कमी असलेल्या रानात हा इशारा जास्त सुटतो, त्यामुळे कसदार रानात टारफुला कमी दिसतो. त्या इशाऱ्याचे पहिले द्रव्य, स्ट्रायगॉल, १९६६ मध्ये शास्त्रज्ञांनी वेगळे केले ते ज्वारीच्या नव्हे, कापसाच्या मुळांतून. कापूस इशारा देतो, टारफुल्याचे बी उगवते, पण कापसाच्या मुळावर त्याला जगता येत नाही आणि ते काही दिवसांत मरते. विदर्भ-मराठवाड्यात कापसानंतर ज्वारी, ज्वारीनंतर कापूस असा जो फेरपालट चालायचा त्यात हा फायदा आपोआप मिळत होता. ज्वारीवर ज्वारी घेणाऱ्याच्या रानात टारफुला का माजतो याचे उत्तर यात आहे. चवळी आणि भुईमूगही हे काम करतात. प्रमाणीकरणाचे नियम पीक फेरपालट मागतात तेव्हा अनेकांना ती कागदी अट वाटते. ज्वारीवाल्याने ती तशी समजू नये.

तणनाशक हा शेवटचा शब्द आहे असेही कोणी मानू नये. हरयाणातल्या गव्हात गुल्ली डंडा नावाचे तण आयसोप्रोट्युरॉनला दाद देईनासे झाले, हे १९९० च्या दशकात नोंदले गेले. ते लहानपणी हुबेहूब गव्हासारखे दिसते, त्यामुळे निंदणाऱ्यालाही ओळखू येत नाही. खुरप्याच्या बाजूनेही अशीच एक गंमत आहे. भातात उगवणाऱ्या सावा वर्गातल्या गवताच्या काही जाती रोपअवस्थेत भातासारख्याच उभ्या आणि हिरव्या दिसतात. शतकानुशतके माणसांनी वेगळी दिसणारी रोपे उपटली आणि भाताचे सोंग घेणारी तेवढी राहिली. चीनमधल्या अशा गवताच्या जनुकांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात हा बदल सुमारे हजार वर्षांपूर्वीचा असल्याचे दिसले. तात्पर्य, एकच हत्यार सतत वापरले की तण त्याला शिकते, मग ते हत्यार बाटलीत असो की हातात.

इथे एका वादाचा उल्लेख केला पाहिजे, कारण तो मराठी शेतकऱ्यांत खरोखर चालू आहे. तण खाई धन ही म्हण उलटी करून कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर यांनी 'तण देई धन' असा विचार मांडला: नांगरट थांबवा, तण वाढू द्या, ते जागेवर मारून कुजवा, जमिनीचा कर्ब वाढेल. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांचे एसआरटी तंत्रही गादीवाफ्यावर, नांगरट न करता भात घेते. दोन्हींतली मातीबद्दलची कळकळ मला पटते. दोन्हींत तण मारायला तणनाशक लागते, आणि तिथे सेंद्रिय प्रमाणपत्राची वाट वेगळी होते. ज्याला नांगरट नको त्याला तणनाशक लागते आणि ज्याला तणनाशक नको त्याला नांगरट लागते, हा पेच खोटा नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या रोडेल संस्थेने रायचे पीक रुळाने चिरडून त्याच्या आच्छादनात सोयाबीन पेरण्याचे तंत्र पुढे आणले. ते थंडीतल्या पावसावर आणि बर्फावर वाढलेल्या जाड आच्छादनाच्या जोरावर चालते. आपल्या कोरडवाहू रानात उन्हाळ्यात तेवढे आच्छादन उभे करायचे कशावर? ताग किंवा बोरू घेऊन काही ठिकाणी जमेल, पण सल्ला म्हणून मी ते आज सर्वांना देणार नाही.

आता कागद. भारतात राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम २००१ मध्ये सुरू झाला, अपेडाच्या देखरेखीखाली आणि मुख्यतः निर्यात डोळ्यांसमोर ठेवून. त्यात तणाबद्दलची वाक्ये थोडी आहेत: रासायनिक तणनाशक नाही, जनुकबदल केलेले बियाणे नाही, फेरपालट, मशागत, आच्छादन आणि उष्णतेने तण मारणे चालेल. हंगामी पिकांसाठी पेरणीआधी किमान दोन वर्षांचे रूपांतरण. अमेरिकेचा नियम काढणीपासून मागे मोजतो: छत्तीस महिन्यांत त्या जमिनीवर बंदी असलेले काहीही पडलेले नसावे. फरक छोटा वाटतो, पण १० जून २०२५ ला ज्वारीत अ‍ॅट्राझीन मारले असेल तर अमेरिकेसाठीचे पीक १० जून २०२८ नंतरच काढता येईल. आपल्या प्रमाणपत्राला २००६ पासून असलेली अमेरिकेची मान्यता जानेवारी २०२१ मध्ये काढून घेतली गेली आणि जुलै २०२२ पर्यंतची सवलतही संपली, त्यामुळे तिकडे माल पाठवणाऱ्याला आता वेगळी तपासणी लागते. युरोपचा नवा नियम १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. एकाच रानाला तीन नियमपुस्तके, असे होऊ शकते.

रूपांतरणाची ही वर्षे तणाच्या दृष्टीने सर्वांत वाईट असतात, हे कुणीतरी आधी सांगायला हवे. वर्षानुवर्षे पडलेल्या बियांचा साठा जमिनीत आहे, त्याला आवर घालणारे औषध हातातून गेले आहे, आणि मालाला भाव मात्र साध्या धान्याचाच मिळतो आहे. त्यात कुजलेले नसलेले शेणखत टाकले तर शेतकरी स्वतःच्या हाताने तण पेरतो. अमेरिकी नियमात कंपोस्टसाठी ५५ ते ७७ अंश सेल्सियस तापमान, लांबट ढिगात पंधरा दिवस आणि त्यात किमान पाच वेळा उलथापालथ अशी अट आहे. ती मुख्यतः रोगजंतूंसाठी घातलेली, पण तणाचे बीही त्या उष्णतेत मरते. आपल्या उकिरड्यात एवढी धग सहसा होत नाही.

मग बांध. सेंद्रिय रानातला सर्वांत अवघड पट्टा बांधाचा, कारण तो अर्धा शेजाऱ्याचा असतो. त्याने आपल्या बाजूने ग्लायफोसेट मारले तर ते तुमच्या कडेच्या तासांपर्यंत येते. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ग्लायफोसेट फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरनेच वापरावे असा आदेश काढला. त्याचा बांधावर किती परिणाम झाला ते कोणत्याही पावसाळ्यात एसटीच्या खिडकीतून पाहावे. नियमात संरक्षक पट्टा ठेवायला सांगितले आहे. किती फुटांचा, हे परिस्थिती पाहून ठरते. शेवरी, बोरू, गिरिपुष्पाची दाट ओळ उपयोगी पडते. पंपाचेही तसेच. शेजाऱ्याकडून आणलेल्या पंपात आदल्या दिवशी टू-फोर-डी भरलेले असेल तर जीवामृतासोबत तेही फवारले जाते, म्हणून बाहेरचे प्रत्येक अवजार धुऊन घेतल्याची नोंद मागतात. मळणी यंत्रालाही तोच नियम.

प्रयोगशाळा हे सगळे पकडेल असा एक समज आहे. अनेक कीडनाशके एकत्र शोधणारी जी नेहमीची चाचणी असते, तिच्यात ग्लायफोसेट येत नाही. त्याची वेगळी चाचणी सांगावी लागते. म्हणून अनुभवी निरीक्षक आधी डोळ्यांवर विसंबतो. बांधावरचे गवत एका रेषेत, एकाच वेळी पिवळे पडलेले दिसले की तो थांबतो. आणि खरिपात चौथ्या-पाचव्या आठवड्यात रान अगदी लख्ख दिसले तरी थांबतो. रान लख्ख असेल तर कुणीतरी ते केले असले पाहिजे. मग कोळपणीची तारीख कुठे, बायांची हजेरी कुठे, पैसे किती दिले? वहीत खुरपणीची मजुरी आहे आणि रानात थोडे तण आहे, असे शेत कुणालाही पटते. वही कोरी आणि रान आरशासारखे, हे पटत नाही. अनेक शेतकरी शेणखताच्या गाड्या आणि दशपर्णीचे लिटर नेमाने लिहितात, पण मजुरी लिहीत नाहीत, कारण ती घरातल्या बाईच्या हातून गेलेली असते आणि घरातल्या बाईच्या कामाची नोंद करायची आपल्याकडे रीत नाही. हा दोष नियमांचा नाही, आपला आहे.

गटाने प्रमाणपत्र घेतले तर ही वही सगळ्यांची होते. प्रत्येक सदस्याच्या रानाची वर्षातून किमान दोनदा गटाने स्वतः तपासणी करायची, मग बाहेरची संस्था काही रानांची फेरतपासणी करते. प्रमाणपत्र एकच, त्यामुळे एकाची बाटली सगळ्यांना भोवते. बराच काळ अशा गटांची प्रमाणपत्रे खरेदीदार किंवा सेवा पुरवणाऱ्या कंपन्यांच्या हातात राहिली आणि शेतकऱ्याला आपला माल दुसरीकडे विकता येईना. गट ही शेतकऱ्यांचीच कायदेशीर संस्था असावी, असा आग्रह युरोपच्या नव्या नियमात आहे आणि २०२५ च्या जानेवारीत आलेल्या आपल्या नियमांच्या आठव्या आवृत्तीतही. हा बदल मला सर्वांत मोलाचा वाटतो. देशातल्या बाजारासाठी पीजीएस-इंडिया आहे, २०११ पासून. किमान पाच शेतकऱ्यांचा गट एकमेकांची रानं तपासतो. रूपांतरणातला माल 'ग्रीन', पूर्ण झालेला 'ऑरगॅनिक'. यावर हसणारे पुष्कळ आहेत: शेजारी शेजाऱ्याला कसा पकडेल? कोकणात सावड आणि देशावर इर्जिक ज्यांनी पाहिली आहे ते हसणार नाहीत. जो माणूस आठवड्यापूर्वी तुमच्या रानात खुरपत होता, त्याला तुमच्या बांधावर काय झाले ते निरीक्षकापेक्षा जास्त ठाऊक असते. पीजीएसचा गट आणि सावडीचा गट एकच असेल तर झड उघडल्यावरच्या त्या दोन दिवसांचा प्रश्नही थोडा हलका होतो. सरकारी समूह तयार करताना मात्र गट हेक्टर पाहून केले जातात.

धान्याला आणखी एक तपासणी वाट पाहत असते, ती तणाच्या बियांची. धोत्र्याचे बी ज्वारी-बाजरीत मिसळले तर त्यातले अ‍ॅट्रोपिन आणि स्कोपोलामिन विषारी असतात. युरोपात ज्वारी आणि भरडधान्यासाठी सप्टेंबर २०२२ पासून दोन्ही मिळून किलोमागे ५ मायक्रोग्रॅम ही मर्यादा आहे. हे उगाच नाही: २०१९ मध्ये युगांडात मदत म्हणून वाटलेल्या पौष्टिक पिठात धोत्र्याचा अंश गेला, सुमारे तीनशे माणसे आजारी पडली आणि पाच दगावली. बांधावरचे दोन धोत्रे उपटायला काढणीआधी अर्धा तास पुरतो. चाळणीने तेवढे नीट जमत नाही. उलट दिशेचेही उदाहरण आहे. भारतातून गेलेल्या तिळात इथिलीन ऑक्साइडचा अंश सापडल्यानंतर युरोपने २०२१ च्या अखेरीस भारतातल्या पाच प्रमाणन संस्थांची मान्यता काढली. त्यांच्याशी जोडलेल्या ज्या शेतकऱ्यांनी आपली रानं खुरप्याने स्वच्छ ठेवली होती त्यांचा यात काही हात नव्हता, पण माल त्यांचाही अडकला.

पुस्तकातले भावाचे प्रकरण वाचकाने शेवटी वाचले तरी चालेल, तणाचे आधी वाचावे. अर्ज भरण्यापूर्वी एका खरिपाची मजुरी दिवसवार लिहून काढावी, घरच्या बायांचे दिवस बाहेरच्या मजुरीच्या दराने धरून. ती बेरीज क्विंटलवर बसवावी आणि खरेदीदाराला दाखवून भाव मागावा. तेवढा भाव कुणी देत नसेल तर खरीप तूर्त बाजूला ठेवावा आणि रब्बी ज्वारीपासून सुरुवात करावी.